चाकांवरचा वानप्रस्थ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत आणि नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी आपली समजूत असते आणि ती सहसा खोटी ठरत नाही. आज मात्र आम्ही अमेरिकेतल्या निवृत्त माणसांच्या चाकांवरच्या घरांविषयी बोलणार आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणिसांना हा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांच्या जागी आम्ही असतो तर तिसऱ्यांदाही विचारले असते.

या विषयाशी आमचा संबंध आला तो असा. गेली तीस वर्षे, कामगार निवृत्त होताना त्याच्या शेजारी बसून कागद भरण्याचे काम आम्ही करीत आलो आहोत. प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज, ग्रॅच्युइटीचा हिशेब, पेन्शनचे दाखले, वारसाचे नाव. अखेरच्या दिवशी खात्यात शाल, श्रीफळ, हार आणि फोटो. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ पहिल्या पाळीच्या वेळेला सवयीने उठतो, तोंड धुतो, आणि त्याला जायला कुठे नसते. पुष्कळजण महिनाभराने युनियनच्या कचेरीत येऊन बसू लागतात. काम काही नसते. पंख्याखाली वर्तमानपत्र उलटतात आणि उठता उठता विचारतात, "मग आता पुढे?" इतर सगळ्या गोष्टींना आमच्याजवळ छापील फॉर्म आहेत. या प्रश्नाला नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या लाखो माणसांना पडला, आणि त्यांतल्या काहींनी घरदार विकून, चाकांवरच्या एका खोलीत संसार भरून, रस्ता धरला. हे आम्ही प्रथम वाचनालयातल्या एका मासिकात वाचले. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झालेले, त्यामुळे एखादी गोष्ट वाचली की ती कुठे तरी लावून पाहण्याची खोड आम्हांला आहे. आमचा भाचा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने आम्हां उभयतांना बोलावून घेतले. मामा-मामींना डिस्नेलँड दाखवावे अशी त्याची फार इच्छा. आम्ही म्हटले, ते नंतर. आधी त्या बिऱ्हाडकरू म्हाताऱ्यांच्या वस्तीला ने. त्याने एक गाडी भाड्याने घेतली, आणि जानेवारीत ॲरिझोनाच्या वाळवंटात आम्ही चार रात्री काढल्या. वाचलेले आणि पाहिलेले, दोन्ही मिळून आज आपणांपुढे ठेवतो.

या वाहनाला तिकडे आर. व्ही. म्हणतात. अक्षरशः अर्थ घेतला तर मौजेचे वाहन. आम्ही त्याला आपले घरगाडी म्हणू. काही घरगाड्यांना स्वतःचे इंजिन असते, त्या आपल्या एस. टी. च्या बसएवढ्या लांब असतात. काही बिनइंजिनाच्या, मोटारीमागे जोडून ओढायच्या. आणि ज्यांना तेवढेही परवडत नाही ते साध्या मालवाहू व्हॅनमध्ये फळी टाकून तिचेच घर करतात. आत बिछाना, शेगडी, कपाट, न्हाणी, संडास. रेफ्रिजरेटर गॅसच्या ज्योतीवर चालतो. विस्तवावर बर्फ कसा होतो हे भाच्याने आमच्या मंडळींना दोनदा समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण दूध मात्र त्यात ठेवले नाही. छतावर सूर्याची वीज घेणारी तावदाने.

परंतु घरगाडीचे खरे मर्म तिच्या पोटाखाली आहे. तेथे तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिली भरावी लागते, उरलेल्या दोन रित्या कराव्या लागतात, आणि हे काम कोणी दुसरा करीत नाही. ठराविक जागी गाडी न्यायची, हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग मोरीची, म्हणजे तिच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसे हे काम करताना आम्ही पाहिली. कोणी नाक मुरडीत नव्हते, आणि कोणी त्यात पराक्रमही मानीत नव्हते.

आता, सफाई कामगारांची संघटना ज्याने बांधली आहे त्याला हे दृश्य पाहून काय वाटले असेल? आपण साखळी ओढतो किंवा बटण दाबतो, आणि त्यापुढचा विचार आपल्या मनातून वाहून जातो. तो मैला जातो कुठे, कोणाच्या हातून जातो, त्या हातांना पगार किती आणि मोजे आहेत की नाहीत, हे आपणांस ठाऊक नसते. ठाऊक नसणे हीच शहरातल्या घराची मोठी सोय आहे. अमेरिकेच्या सरकारी अंदाजाप्रमाणे तेथील माणूस घरात दररोज सुमारे ३०० लिटर पाणी वापरतो. घरगाडीतली दोन माणसे वाळवंटात दीडशे लिटरची टाकी आठवडाभर, कधी दोन आठवडे पुरवतात. भांडे आधी कागदाने पुसायचे आणि मग चमचाभर पाण्याने विसळायचे. आध्यात्मिक जीवन म्हणून ज्याला म्हणतात त्याच्या पुष्कळ व्याख्या आम्ही वाचल्या आहेत; पण आपण किती घेतो आणि किती घाण मागे ठेवतो याचा रोजचा, लिटरात मोजता येणारा हिशेब ज्याला ठाऊक आहे, तो त्या वाटेवर चार पावले तरी चालला आहे असे आम्ही समजतो. गाडगेबाबांच्या खराट्याला नमस्कार करणाऱ्या आपणां मंडळींना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडी किती बोजा वाहू शकते याचा आकडा तिच्यावर पट्टीने लावलेला असतो. त्याहून जास्त भरले तर टायर फुटतो, आस मोडतो. म्हणून या लोकांत एक अलिखित नियम आहे: एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. नवी कढई आली, जुनी द्या. पुस्तक घेतले, वाचलेले कोणाला तरी देऊन टाका. चार शयनगृहांच्या घरातून येथे येताना माणसांनी काय काय टाकले याच्या कथा ऐकण्यासारख्या असतात. लग्नातली भांडी, मुलांची प्रगतिपुस्तके, वडिलांची आरामखुर्ची. टाकायला सर्वांत अवघड काय गेले, असे आम्ही प्रत्येकाला विचारीत होतो. फोटो, असे बहुतेकांनी सांगितले. एकाने सांगितले, गॅरेजमधली हत्यारे. तो माणूस आम्हांला लगेच आवडला.

ही कल्पना नवी नाही. वॉली बायम नावाच्या माणसाने १९३१ साली घरगाड्यांचा धंदा सुरू केला, पुढे चकचकीत ॲल्युमिनियमच्या, अंड्यासारख्या गोल गाड्या काढल्या, आणि तो स्वतः अशा गाड्यांचे तांडेच्या तांडे घेऊन देशोदेशी निघू लागला. १९५९ साली एक तांडा केपटाऊनहून कैरोच्या वाटेला लागला. त्याच्या मृत्यूनंतर, १९६३-६४ मध्ये, एक तांडा सिंगापूरहून निघून लिस्बनपर्यंत गेला. तो आपल्या हिंदुस्थानातूनही गेला होता. जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराने १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका ट्रकवर खोली बसवून घेतली, त्या ट्रकाला डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले आणि कुत्र्याला शेजारी बसवून देश पाहायला निघाला. ज्या देशावर आपण आयुष्यभर लिहिले तो देश आपल्याला आता ठाऊक राहिलेला नाही, अशी त्याची चुटपुट होती. आज या गाड्या प्रामुख्याने इंडियाना राज्यात, एल्कहार्ट नावाच्या गावाच्या आसपास तयार होतात. २०२१ साली सहा लाखांहून अधिक घरगाड्या अमेरिकेतल्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. आणि २००९ च्या मंदीत त्याच एल्कहार्टमध्ये दर पाच कामगारांपैकी जवळजवळ एक बेकार होता. लोकांची मौज थांबली की मौजेचे वाहन करणाऱ्याची चूल विझते. असो.

पण या सर्वांमागे जी खरी गोष्ट आहे तिचा उल्लेख प्रवासवर्णनांत क्वचित आढळतो. ती म्हणजे पेन्शन. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली झाला. त्या कायद्याखाली दरमहाचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० रोजी व्हर्मॉन्ट राज्यातल्या आयडा मे फुलर या कारकून बाईंना मिळाला. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. बाई शंभर वर्षे जगल्या, १९७५ साली वारल्या, आणि तोपर्यंत त्यांनी २२,००० हून अधिक डॉलर घेतले. त्यांनी कर भरला होता पंचवीस डॉलरांहूनही कमी! विमा कंपनीच्या माणसाला घाम फुटावा असा हा हिशेब आहे. आम्हांला मात्र तो वाचून फार आनंद झाला. तथापि सरकारी पेन्शन पोटापुरतीच होती. वर काही शिल्लक राहावे, माणसाने देश पाहावा, ही सोय केली ती संघटनांनी. १९४९ साली मोटार कामगारांच्या संघटनेने फोर्ड कंपनीशी करार केला, त्यात तीस वर्षे नोकरी झालेल्या पासष्टीच्या कामगाराला, सरकारी रक्कम धरून, महिना शंभर डॉलर ठरले. त्याच वर्षी पोलाद कामगारांनी पेन्शनसाठी देशव्यापी संप केला. त्या संपांतून जी पिढी निवृत्त झाली तिने घरगाड्या घेतल्या, तिने राष्ट्रीय उद्याने पाहिली, ती हिवाळ्यात पाखरांसारखी दक्षिणेकडे उतरली. युनियनच्या कामात एका गोष्टीवर आमचा कधीच वाद झाला नाही, ती ही की भाकरीच्या पुढची मागणी ही फुरसतीची असते.

पुढे १९७८ साली करविषयक कायद्यात एक कलम घातले गेले, आणि त्या कलमाच्या आधाराने कंपन्यांनी हळूहळू ठरीव पेन्शनची जबाबदारी अंगावरून काढली. कामगाराने आपले पैसे आपणच शेअरबाजारात साठवावेत, बाजार चढला तर त्याचे नशीब, पडला तरी त्याचेच. २००८ साली बाजार पडला, घरांच्या किंमती पडल्या, आणि पुष्कळ लोक साठीच्या घरात असताना घर आणि साठवण दोन्ही गमावून बसले. त्यांनीही मग चाकांवरचे घर धरले. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी या लोकांत राहून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले.

म्हणजे एकाच रस्त्यावर, एकासारख्या एक दिसणाऱ्या गाड्यांत, दोन प्रकारची माणसे चालली आहेत. एक निघालेली आणि दुसरी निघावे लागलेली. हा फरक दुरून दिसत नाही. जवळ जाऊनही पटकन दिसत नाही.

आम्ही गेलो ते गाव क्वार्ट्झसाइट. ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळ, मोठ्या महामार्गावर. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. पण हिवाळ्यात सभोवतालच्या सरकारी वाळवंटात नजर जाईल तिथपर्यंत घरगाड्या उभ्या राहतात. या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येते. काही भाग दीर्घ मुक्कामाचे म्हणून राखलेले आहेत. तेथे १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंतच्या सात महिन्यांना १८० डॉलर भरावे लागतात. नवरात्राच्या सुमारास येऊन पाडव्यानंतर उठावे, असा हा चातुर्मासाच्या उलटा मुक्काम. पूर्वीचे भिक्षू पावसाळ्यात एका ठिकाणी वर्षावास करीत आणि उरलेले महिने चारिका करीत, त्याची आठवण होते. गावाच्या स्मशानात दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर पत्र्याचा उंट. ही हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी. अमेरिकन लष्कराने वाळवंटातली वाहतूक उंटांवरून करून पाहावी म्हणून १८५६ साली ज्यांना समुद्रापलीकडून आणले, त्यांतला हा एक. प्रयोग बारगळला, उंट वाऱ्यावर सुटले, आणि हा तेथेच राहून १९०२ साली वारला. अमेरिकनांच्या जिभेला हाजी अली हे नाव वळेना, म्हणून समाधीवर 'हाय जॉली' असे आहे. भटक्यांच्या या वस्तीने आपला ग्रामदेव बरा निवडला, असे आमच्या मनात आले.

आमच्या गाडीच्या एका बाजूला ओहायो राज्यातला एकाहत्तर वर्षांचा निवृत्त वीजतंत्री होता. आम्ही कामगार संघटनेचे आहोत हे भाच्याने सांगताच त्याने दोन्ही हातांनी आमचा हात धरला आणि "ब्रदर" म्हणाला. तिकडे संघटनेतले लोक एकमेकांना असेच म्हणतात. चाळीस वर्षे तो वर्गणीदार होता, आणि त्याची पेन्शन संघटनेच्या करारातून आलेली. घरगाडीचा बेत नवराबायकोने मिळून केला होता. गाडी ताब्यात यायच्या आदल्या वर्षी बायको गेली. तो एकटा निघाला. एक आत, एक बाहेर हा नियम तो कडक पाळतो; फक्त बायकोचे शिवणयंत्र बिछान्याखाली आहे. ते चालवायला त्याला येत नाही.

दुसऱ्या बाजूला पांढऱ्या व्हॅनमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई. शाळेच्या हिशेबखात्यात नोकरी केलेल्या. २००८ नंतर घर बँकेने घेतले. आता सामाजिक सुरक्षेचे हजार-बाराशे डॉलर येतात, त्यात भाड्याची खोली मिळत नाही. उन्हाळ्यात जंगलातल्या एखाद्या तळावर देखरेखीचे काम करतात, म्हणजे पावत्या फाडणे, राख उपसणे आणि लोकांचे संडास धुणे. त्या रोज पहाटे, सूर्य उगवण्याच्या तासभर आधी, घोंगडी पांघरून घडीच्या खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसत. चर्चला जात नाहीत. आम्ही विचारले, तेव्हा काय करता? त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी मी बँकेला शिव्या देत बसत असे. दुसऱ्या वर्षीही तेच. मग एके दिवशी लक्षात आले की बराच वेळ मी बँकेचा विचार केलेला नाही, नुसती बघते आहे. आता नुसती बघते.

हे ऐकून आम्ही गप्प बसलो. गीतेवरची पाचसहा भाष्ये आम्ही वाचली आहेत; द्वेष कसा गळून पडतो ते इतक्या थोड्या शब्दांत आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

पण आम्ही पडलो युनियनचे. आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारला. उद्या कोणी पक्के घर दिले, भाडे नाही, कर नाही, तर घ्याल काय? वीजतंत्री विचार करून म्हणाला, नाही. पुढच्या महिन्यात उत्तरेकडे जायचे आहे. बाई म्हणाल्या, "आज संध्याकाळी!"

मित्रहो, वानप्रस्थाविषयी बोलताना हा फरक विसरता येत नाही. मनूने सांगितले की कातडीला सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाचा रस्ता धरावा. उत्तम. पण ही मुभा कोणाला? तीन वर्णांच्या गृहस्थांना. ज्याचे उभे आयुष्य सेवेत जायचे त्या आमच्या आज्यापणज्यांसाठी त्या ग्रंथात निवृत्तीचे वय दिलेले नाही. त्याला विश्रांती मिळाली ती सरणावर. त्याग करायला आधी हातात काही लागते, आणि ते सोडताना कोणी मनगट पिरगाळलेले नसावे लागते. आपला वारकरी पंढरीला निघतो तेव्हा त्याचे घर, शेताचा तुकडा, गोठ्यातले जनावर गावात असते. तो जातो आणि परत येतो, म्हणून तर ती वारी. ज्याचे घर पडले म्हणून तो रस्त्यावर आहे त्याच्या गळ्यात माळ घालून त्याला वारकरी म्हणणे ही त्याची थट्टा आहे.

आणि तरी, पहाटेची ती खुर्ची आम्हांला विसरता येत नाही. ज्याला निवड होती त्या वीजतंत्र्याला जे साधले नव्हते ते ज्यांना निवड नव्हती त्या बाईंना साधले होते, असे आम्हांला स्पष्ट दिसले. तो रात्री उशिरापर्यंत दिवा लावून नकाशे पाहत बसे. अन्याय झाला आणि त्यातून शांती लाभली, म्हणून अन्याय बरा ठरतो काय? मुळीच नाही. पण अन्यायाचा पाढा वाचताना ती शांती खोटी आहे असे आम्ही म्हणू लागलो, तर त्यांच्या हाती राहिलेली एकुलती एक मिळकतही आम्ही जप्त केल्यासारखे होईल. संघटनेच्या कामात ही चूक फार वेळा होते. माणूस नुसता नाडलेला असतो असे आपण धरून चालतो.

मालक मंडळींना मात्र या म्हाताऱ्यांची आध्यात्मिक बाजू फार लवकर कळली. ॲमेझॉन कंपनीने २००८ पासून अनेक वर्षे घरगाडीतल्या लोकांना नाताळच्या हंगामापुरते गोदामांत कामाला घेण्याची खास योजना चालवली. ब्रूडरबाईंनी लिहिले आहे की दहा-दहा तासांच्या पाळीत मैलोगणती चालावे लागे आणि भिंतीवर वेदनाशामक गोळ्या फुकट देणारी यंत्रे लावलेली असत. असे कामगार कोणाला नको असतील? वेळेवर येतात, कुरकुर करीत नाहीत, स्वतःचे घर स्वतः घेऊन येतात, आजारपणाचा खर्च पासष्टीनंतर सरकारी विम्यावर असतो, आणि हंगाम संपला की संघटना करण्याआधी निघून जातात. जाहिरातीत या नोकरीला साहस म्हणत असत.

मिनेसोटा आणि उत्तर डाकोटा यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात साखरेचे बीट पिकते. ऑक्टोबरच्या आरंभी काढणी सुरू होते, आणि थोडे आठवडे रात्रंदिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. तेव्हाही घरगाड्यांची रांग लागते. येथल्या अमेरिकन क्रिस्टल शुगर या कारखान्याची मालकी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आहे. आपल्या साखर पट्ट्यातल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. त्याच कारखान्याने १ ऑगस्ट २०११ रोजी सुमारे १३०० कायम कामगारांना टाळेबंदी करून बाहेर काढले. त्यांनी मालकाचा करार चारदा मतदानाने फेटाळला, आणि एप्रिल २०१३ मध्ये, वीस महिन्यांनी, पाचव्या वेळी तो पत्करला. त्या वीस महिन्यांत काहींची पेन्शनची साठवण संपली असेल. तेथून घरगाडीपर्यंतचा रस्ता फार लांबचा नाही, आणि बीटच्या ढिगाऱ्यापर्यंतचाही.

आता याच शरीरांची दुसरी मेहनत पाहा. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था गरिबांना घरे बांधून देते. १९८८ पासून तिने घरगाडीवाल्यांची एक शाखा चालवली. निवृत्त स्त्रीपुरुष आपापल्या गाड्या घेऊन एखाद्या गावी जमतात, आठपंधरा दिवस भिंती उभ्या करतात, छत घालतात आणि पुढे जातात. मेथडिस्ट पंथाच्या लोकांचीही अशीच एक संघटना आहे. ज्यांनी स्वतःचे घर विकले ते दुसऱ्याचे घर बांधतात! वीजतंत्री दोन वेळा जाऊन आला होता. तारा ओढायचे काम चाळीस वर्षे पगारासाठी केले. तेथे फुकट केले, आणि संध्याकाळी थकवा आला तो वेगळा होता, असे तो म्हणाला. कसा वेगळा ते त्याला सांगता येईना. आम्ही त्या बाईंना विचारले, तुम्ही का जात नाही? त्या म्हणाल्या, पेट्रोलचे पैसे कोण देणार?

कर्मयोगालाही पेट्रोल लागते. आमच्याकडच्या निवृत्त कामगारांना २०१४ साली पेन्शन किमान हजार रुपये ठरवण्यात आली तेव्हा आम्ही पेढे वाटले नव्हते, ते यासाठीच.

चाकांवरच्या माणसाची आणखी एक अडचण म्हणजे पत्ता. पत्त्याशिवाय ना वाहनपरवाना, ना विमा, ना मत. म्हणून ही माणसे टपाल गोळा करून पाठवणाऱ्या एखाद्या कचेरीचा पत्ता घेतात. दक्षिण डाकोटात एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर रहिवासी होता येत असे, त्यामुळे हजारो लोक कागदोपत्री तेथले झाले. २०२३ साली त्या राज्याने कायदा केला की मतदार म्हणून नाव नोंदण्यापूर्वी तेथे तीस दिवस राहिलेले असले पाहिजे. फिरणाऱ्या माणसाचे मत सर्वांत आधी गळते. पालावरच्या लोकांच्या रेशनकार्डासाठी ज्यांनी आमच्याबरोबर तहसीलीचे उंबरठे झिजवले ते आज येथे बसलेले आहेत. त्यांना हे नवे नाही.

आणि शेवटची अडचण शेवटाचीच. गाडी चालवता येईनाशी झाली की काय? १९७८ साली जो आणि के पीटरसन या जोडप्याने घरगाडीवाल्यांचा एक संघ स्थापन केला. त्या संघाच्या लोकांनी टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन गावी वृद्ध सभासदांसाठी एक केंद्र उभे केले. तेथे माणूस आपली गाडी आणून उभी करतो आणि तिच्यातच राहतो. तीन वेळचे जेवण, धुणे, दवाखान्यात नेणे-आणणे हे केंद्राकडे. सभासदांनी सभासदांसाठी केलेले काम, आणि मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. युनियनच्या माणसाला याहून अधिक काय हवे? पण तेथेही जागा मोजक्याच, आणि खर्च आहेच.

आमच्या त्या दोन शेजाऱ्यांनी तूर्त आपली व्यवस्था आपण लावून घेतली होती. दोघांनी एकमेकांजवळ जादा किल्ली दिली होती. सकाळी आठपर्यंत व्हॅनचा पडदा सरकला नाही तर वीजतंत्र्याने दार ठोठवायचे. त्याच्या खिडकीचा पडदा सरकला नाही तर बाईंनी. कोणाच्या मुलांना फोन करायचा, शिवणयंत्र कोणाला द्यायचे, हे एका कागदावर लिहून ठेवले होते. मार्चअखेर दोघांच्या वाटा वेगळ्या होणार होत्या. मग पुढच्या मुक्कामी ज्याने त्याने नवा शेजारी पाहायचा. आम्ही होतो त्या चारही दिवशी दोन्ही पडदे सातच्या आत सरकले.